पाच रुपयांचा पुडा आणि ग्रॅमांचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले. बिस्किटे, चॉकलेट, साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल अशा रोजच्या वापरातील कितीतरी वस्तू १८ टक्क्यांच्या टप्प्यातून एकदम ५ टक्क्यांच्या टप्प्यात आल्या. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांचे रकाने आणि जाहिराती छोट्या मोटारींनी आणि दूरचित्रवाणी संचांनी भरून गेल्या होत्या आणि ते स्वाभाविकही होते, कारण तिथली बचत हजारांत मोजता येत होती. पण करकपातीचा खरा कस लागला तो मोटारींच्या दालनात नव्हे, तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात. पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्याचे आता काय करायचे, हा प्रश्न तेथे उभा राहिला आणि त्याचे सरळ उत्तर कोणाकडेच नव्हते.

गणित तसे शाळकरी आहे. पाच रुपयांत १८ टक्के कर धरलेला असेल, तर मालाची मूळ किंमत सुमारे ४ रुपये २४ पैसे होते. तिच्यावर ५ टक्के कर चढवला की पुडा ४ रुपये ४५ पैशांना पडतो. त्याच हिशेबाने दोन रुपयांची शाम्पूची पुडी १ रुपया ७८ पैशांवर येते आणि एक रुपयाची गोळी ८९ पैशांवर. या आकड्यांत चूक काहीच नाही. फक्त ते पैसे द्यायला देशात नाणी नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने आजही वैध आहे. पण मुंबई-पुण्यातील कोणत्याही दुकानदारासमोर ते ठेवून पाहावे, म्हणजे कायदा आणि व्यवहार यांतले अंतर समजेल.

तरीही काही आठवडे असे विचित्र किमतींचे पुडे बाजारात खरोखरच आले. दर कमी झाल्यावर किंमत कमी केली नाही, असा ठपका येऊ नये म्हणून कंपन्यांनी पैशापैशाचा हिशेब छापील किमतीत उतरवला. दुकानदारांनी त्यावर आपल्या परीने तोडगे काढले. दोन पुडे एकदम घेतले तर नऊ रुपये, मोबाइलवरून पैसे देणार असाल तर नेमकी रक्कम, आणि रोख देणार असाल तर उरलेल्या पैशांची गोळी. छापील किमतीपेक्षा पाच पैसेही अधिक घेणे हा गुन्हा आहे, हे दुकानदाराला ठाऊक असते. पण पाच रुपयांच्या पुड्यावर त्याला मिळणारा नफाच अर्ध्या रुपयाच्या आतबाहेर असतो. पंचावन्न पैशांचा घोळ त्याच्यासाठी तत्त्वाचा प्रश्न नसून सगळ्या धंद्याचाच प्रश्न होतो.

हा घोळ फार काळ टिकणार नव्हता आणि टिकलाही नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आधीपासूनच सांगितले होते, त्याप्रमाणे पाच, दहा आणि वीस रुपयांच्या पुड्यांवरची किंमत तशीच ठेवून आतला माल वाढवण्याची वाट धरली गेली. म्हणजे करकपातीचा लाभ ग्राहकाला पैशांत नव्हे, ग्रॅमांत मिळाला. वरवर पाहता यात तक्रार करण्यासारखे काही नाही. साडेचार रुपयांत पन्नास ग्रॅम काय आणि पाच रुपयांत छप्पन्न ग्रॅम काय, दोन्ही सारखेच. गोम आहे ती पुढे. पैसे प्रत्येक जण मोजतो, ग्रॅम मात्र क्वचितच कोणी.

पाच रुपयांची किंमत इतकी पवित्र का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विलेपार्ल्यात १९२९ साली उभा राहिलेला आणि २०१६ साली उत्पादन थांबलेला बिस्किटांचा कारखाना जुन्या मुंबईकरांच्या आठवणीत त्याच्या वासासकट आहे. तेथून देशभर गेलेल्या पार्ले-जीचा छोटा पुडा नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास अडीच दशके चार रुपयांवर अडून राहिला आणि नंतर पाच रुपयांवर गेला. त्या काळात मैदा, साखर, वनस्पती तेल, डिझेल, मजुरी यांपैकी एकही गोष्ट जागेवर थांबली नव्हती. थांबली होती ती फक्त पुड्यावरची किंमत. वाढलेला सगळा खर्च वजनाने सोसला. एके काळी शंभर ग्रॅमच्या घरात असलेला पुडा पायरी-पायरीने उतरत साठ ग्रॅमच्याही खाली आला. ज्या काळाला महागाईचा काळ म्हणून सारे ओळखतात, त्याच काळात एक वस्तू महागलीच नाही असे लोक कौतुकाने सांगत राहिले. ती महागली होती, पण तिचे महागणे किंमतीच्या चौकटीत कोठे दिसतच नव्हते.

यात केवळ कंपन्यांचा कावा पाहणे अन्यायाचे होईल. चहाच्या टपरीवर कटिंगसोबत पुडा घेणारा हमाल, शाळेच्या मधल्या सुट्टीत नाणे मुठीत घेऊन येणारा मुलगा, रोजंदारीवरून परतताना घरच्या पोरांसाठी काहीतरी घेणारी बाई, या सर्वांची खरेदी नाण्याच्या मापाने होते. हातात पाच रुपये असतील तर पाच रुपयांची वस्तू घेतली जाते. साडेपाच रुपयांची वस्तू ही त्यांच्या लेखी दहा टक्क्यांनी महाग झालेली वस्तू नसते, ती हाताबाहेर गेलेली वस्तू असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणीची रेषा सलग उतरती काढलेली असते. इथे ती पायऱ्यांची आहे. पायरीच्या आत किंमत जरा हलली तरी मागणी ढिम्म राहते, पायरी ओलांडली की ती कोसळते. हे ओळखूनच उत्पादक आधी किंमत ठरवतो आणि मग त्या किमतीत किती माल बसेल हे पाहतो. सर्वसाधारण धंद्यात वस्तू आधी आणि किंमत नंतर. इथे नेमके उलटे.

तामिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी आणि नंतर त्यांच्या मुलांनी शाम्पू पुडीत भरून विकला, तेव्हा त्यामागेही हेच होते. बाटली ज्यांच्या आवाक्यात नव्हती, त्यांना पुडी मिळाली आणि श्रीमंतांच्या न्हाणीघरातली वस्तू खेडोपाडी गेली. पुढे बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनाही तोच कित्ता गिरवावा लागला. यातून एक मौजेची स्थिती निर्माण झाली. जगभर मोठे पाकीट घेतले तर माल स्वस्त पडतो. भारतात अनेक वस्तूंच्या बाबतीत पुड्यांची माळ बाटलीपेक्षा स्वस्त पडते. शहरातील जाणती गृहिणी हे केव्हाच ओळखून आहे. महिन्याच्या सामानात बाटलीऐवजी पुड्यांची माळ घेणाऱ्यांत केवळ गरीब कुटुंबे नसतात.

२०२१ आणि २०२२ या वर्षांत या व्यवस्थेची कसोटी लागली. युक्रेन युद्धाने सूर्यफूल तेलाचा पुरवठा तोडला, एप्रिल २०२२च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली आणि मे महिन्यात गव्हाचे भाव चढू लागताच भारताने गव्हाची निर्यात थांबवली. बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि पामतेल. त्यांतल्या दोहोंना एकदम आग लागली. मोठ्या पुड्यांच्या किमती उघड वाढल्या. छोट्या पुड्यांची किंमत जागच्या जागी राहिली आणि वजने घसरली. दोन वर्षांनी चित्र पुन्हा फिरले ते सरकारच्याच निर्णयाने. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या पामतेलावरील एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेले आणि मे २०२५च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणण्यात आले. शुल्क वाढले तेव्हा त्याचा भार पुड्यांवर किती पडला आणि शुल्क उतरले तेव्हा तो किती परत आला, हे ग्राहकाला कधीच कळले नाही. कळावे तरी कसे? किंमत पाचच होती.

तरीही ग्राहक अगदीच भोळा आहे, असे मानण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१९मध्ये पार्ले कंपनीच्या मयंक शहा यांनी करभारामुळे आठ ते दहा हजार कामगारांवर कुऱ्हाड येऊ शकते असा इशारा दिला, तेव्हा ती बातमी नोकऱ्यांची म्हणून गाजली. शंभर रुपये किलोच्या आतील बिस्किटांना पूर्वी असलेली सवलतीची वागणूक जीएसटीने संपवली आणि २०१७पासून सरसकट १८ टक्के कर लागला, ही त्यांची तक्रार होती. पण त्या निवेदनात एक वाक्य त्याहून महत्त्वाचे होते. करामुळे पुड्यातली बिस्किटे कमी करावी लागली आणि एका किमतीत किती बिस्किटे मिळतात याबाबत ग्राहक कमालीचा जागरूक असतो, असा त्याचा आशय होता. म्हणजे ग्राहक मोजतो. तो ग्रॅम मोजत नाही, बिस्किटे मोजतो. घरात तीन मुले असतील तर बारा बिस्किटांचे प्रत्येकी चार होतात. अकरा आली की भांडण होते. म्हणून ज्याला वजन घटवायचे आहे पण संख्या घटवायची नाही, त्याच्यापुढे एकच मार्ग राहतो, तो म्हणजे बिस्किट किंचित पातळ करण्याचा. ते मोजण्याचे साधन कोणत्याही घरात नसते.

हीच अडचण उलट दिशेनेही आहे. कराचा दर १८वरून ५वर आला तर त्याच पाच रुपयांत माल सुमारे १२.४ टक्क्यांनी वाढायला हवा. अकरा बिस्किटांचा पुडा असेल तर सव्वाबाराहून थोडी जास्त बिस्किटे. पाव बिस्किट पुड्यात घालता येत नाही. एक तर बारा घालावी लागतात, नाही तर तेरा, नाही तर प्रत्येक बिस्किटाचा साचाच बदलावा लागतो. पन्नास ग्रॅमचा पुडा छप्पन्न ग्रॅमच्या थोडा वर जायला हवा. तो पंचावन्नवर थांबला तर एका पुड्यामागे एक-सव्वा ग्रॅम माल कमी पडतो. एका घरासाठी ही रक्कम नगण्य आहे. कोट्यवधी पुडे विकणाऱ्यासाठी ती नगण्य नाही.

कंपन्यांची बाजूही इथे मांडायला हवी. पुड्याचे वजन बदलणे म्हणजे केवळ आकडा बदलणे नव्हे. वेष्टनाचा कागद महिनोन् महिने आधी छापून घेतलेला असतो, यंत्रावर पुड्याची लांबी बसवलेली असते, खोक्यात किती पुडे मावतात यावर वाहतुकीचा खर्च ठरलेला असतो. केंद्राने आधीच्या मालावर नव्या किमतीचे शिक्के किंवा चिकटपट्ट्या लावण्याची मुभा ३१ डिसेंबर २०२५पर्यंत आणि जुन्या वेष्टनाचा साठा वापरण्याची मुभा ३१ मार्च २०२६पर्यंत दिली, ती याच अडचणी ओळखून. दुसरा मुद्दा अधिक तांत्रिक, पण खरा आहे. विकलेल्या मालावर ५ टक्के कर आणि जाहिरात, गोदामाचे भाडे अशा सेवांवर १८ टक्के, अशी स्थिती झाली की भरलेल्या कराची पूर्ण वजावट होत नाही. कच्च्या मालावरच्या अडकलेल्या कराचा परतावा मागता येतो, सेवांवरचा मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये हा भेद मान्य केला आहे. त्यामुळे १२.४ टक्के हा कागदावरचा आकडा प्रत्येक कंपनीला जसाच्या तसा परवडेलच असे नाही. मात्र तो परवडत नाही हे ताळेबंद मांडून सांगण्याचे बंधनही कोणावर नाही आणि खरा वाद इथूनच सुरू होतो.

कायद्याचे म्हणणे काय? केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७१ मध्ये कराचा दर कमी झाला तर त्या प्रमाणात किंमत कमी करून लाभ ग्राहकापर्यंत पोहोचवावा, असे स्पष्ट लिहिले आहे. शब्द ‘किंमत’ आहे, ‘वजन’ नाही. हे पाहण्यासाठी नोव्हेंबर २०१७मध्ये राष्ट्रीय नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमले गेले. डिसेंबर २०१८मध्ये या प्राधिकरणाने हिंदुस्थान युनिलिव्हरवर सुमारे ३८३ कोटी रुपयांची नफेखोरी केल्याचा निष्कर्ष काढला. कंपनीने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अशा शंभरहून अधिक याचिका दिल्ली उच्च न्यायालयात जमल्या आणि जानेवारी २०२४मध्ये न्यायालयाने या तरतुदी घटनात्मकदृष्ट्या वैध ठरवल्या. त्यानंतर सप्टेंबर २०२५मध्ये, म्हणजे नवे दर लागू होत असतानाच, त्याच न्यायालयाने २०१७च्या एका जुन्या प्रकरणात आणखी पुढचे सांगितले. व्हॅसलीनच्या एका वितरकाच्या त्या प्रकरणात न्यायालयाचा अभिप्राय असा की, किंमत तशीच ठेवून माल वाढवला हे उत्तर चालणार नाही. करकपातीचा लाभ किंमत उतरवूनच द्यावा लागेल.

म्हणजे न्यायालय ज्याला नको म्हणत होते, नेमके तेच त्याच दिवसांत देशभरातल्या कारखान्यांत होत होते. याला उघड अवज्ञा म्हणणेही बरोबर नाही. चारशे मिलिलिटरच्या बाटलीची किंमत दहा-वीस रुपयांनी उतरवता येते, पाच रुपयांच्या पुड्याची पंचावन्न पैशांनी उतरवता येत नाही. कायदा या दोहोंत भेद करत नाही, नाण्यांची उणीव मात्र तो करायला लावते. शिवाय हा कायदा लागू करायचा तरी कोणी? प्राधिकरणाचे काम १ डिसेंबर २०२२पासून स्पर्धा आयोगाकडे गेले, १ ऑक्टोबर २०२४पासून जीएसटी अपील न्यायाधिकरणाकडे आले आणि १ एप्रिल २०२५पासून नव्या तक्रारी स्वीकारणेच बंद झाले. जीएसटीच्या इतिहासातली सर्वांत मोठी दरकपात झाली ती नफेखोरीवर देखरेख करणारी चौकी उठल्यानंतर सहा महिन्यांच्या आत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारींची सोय करण्यात आली, हे खरे. पण तेथे जाऊन पाच रुपयांच्या पुड्यात सव्वा ग्रॅम माल कमी भरला, अशी तक्रार कोण करणार?

वजनाच्या बाबतीत ग्राहकाला पूर्वी एक आधार होता. वैधमापनाच्या २०११च्या नियमांत बिस्किटे, चहा, साबण यांसारख्या ठरावीक वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्यात, अशी यादी जोडलेली होती. त्या यादीमुळे दोन पुड्यांची तुलना डोळ्यांनी करता येत असे, जरी पळवाटा तिलाही होत्या. नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्राने ती यादी काढून टाकण्याचे ठरवले. उद्योगांना मोकळीक हवी होती आणि छोट्या पुड्यांच्या बाबतीत यादी व्यवहार्य राहिली नव्हती, हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येणार नाही. त्या बदल्यात ग्राहकाला दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत पुड्यावर छापून मिळेल, असे ठरले आणि मुदतवाढी घेत जानेवारी २०२४पासून ती छापणे बंधनकारक झाले. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात पाच रुपयांच्या पुड्याच्या मागच्या शिवणीजवळ, तारखेच्या ठशाच्या शेजारी, ‘०.०९ रु. प्रति ग्रॅम’ असे काहीतरी बारीक अक्षरांत असते. पन्नास ग्रॅमच्या पुड्याचा दर ग्रॅमला दहा पैसे आणि छप्पन्न ग्रॅमच्या पुड्याचा सुमारे नऊ पैसे. पैशात पूर्णांक केला की चोपन्न ग्रॅमचा पुडाही नऊच पैशांचा दिसतो. ज्या आकड्याने चोरी पकडायची, तो आकडाच इतका ठोकळ आहे की चोरी त्याच्या फटीतून निसटते. शंभर ग्रॅमचा दर छापला असता तर ९ रुपये २६ पैसे आणि ८ रुपये ९३ पैसे हा फरक निदान डोळ्यांना तरी दिसला असता.

फ्रान्सने या बाबतीत सोपा मार्ग काढला. किंमत न उतरवता वजन घटवले असेल तर मोठ्या दुकानांनी ते मांडणीपाशीच फलक लावून सांगावे, असा नियम तेथे १ जुलै २०२४पासून लागू झाला. दक्षिण कोरियाने त्याच वर्षी ऑगस्टपासून हे उत्पादकांवर सोपवले आणि न सांगणाऱ्यांना दंड ठेवला. भारतात किराणा दुकानाच्या दारात फलक लावायला सांगणे हास्यास्पद ठरेल; तेथे माळा आणि बरण्या यांनाच जागा पुरत नाही. पण वजन घटल्यानंतर काही महिने जुने वजन आणि नवे वजन दोन्ही पुड्याच्या दर्शनी बाजूस छापावे, एवढे सांगायला अडचण दिसत नाही. वजन वाढले की ‘१२ टक्के अधिक’ हे पिवळ्या पट्टीत छापायला कंपन्या एरवी कधी विसरत नाहीत.

मराठी ग्राहकाला संघटित प्रतिसादाची परंपरा नवी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने मध्यमवर्गीय कुटुंबांचे छोटे गट करून घाऊक खरेदी आणि मासिक वाटपाची पद्धत रुजवली. टंचाई, भेसळ आणि वजनातील लबाडी या त्या काळच्या दुखण्यांवर तो घरगुती, पण टिकाऊ उपाय होता. डाळ, तांदूळ, गूळ यांचे वजन सर्वांसमोर होई. त्या पद्धतीत बसते ती महिन्याची किलोची खरेदी. पाच रुपयांच्या पुड्याची खरेदी ही त्या क्षणी, त्या भुकेपुरती, उभ्या उभ्या होते. तिचा गट होत नाही, तिची पावती नसते. ज्याला करकपातीचा लाभ सर्वाधिक व्हावा असे सरकारने सांगितले, त्याच्याच खरेदीवर नजर ठेवण्याचे साधन सर्वांत दुबळे आहे.

शहरी मध्यमवर्गाचा प्रतिसाद वेगळ्याच वाटेने जाताना दिसतो. २०२४च्या उत्तरार्धात नेस्ले इंडियाचे तेव्हाचे प्रमुख सुरेश नारायणन यांनी शहरातला मधला वर्ग आकसत असल्याचे बोलून दाखवले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. महागड्या वस्तू खपत होत्या, छोटे पुडेही खपत होते, मधले पुडे अडत होते. पगार आणि भाडे यांच्या कात्रीत सापडलेले कुटुंब ब्रँड सोडत नाही, पाकिटाचा आकार सोडते. दुसरीकडे दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या सेवांच्या पडद्यावर पाच रुपयांचा एकटा पुडा सहसा सापडतच नाही. तो सहा-बाराच्या जुडीत असतो, कारण एकट्या पुड्याची पोच कोणालाच परवडत नाही. तिथे किंमत साठ रुपये असो की त्रेपन्न, सुट्ट्या पैशांचा प्रश्न येत नाही. नव्या दरांनंतर अशा जुड्यांची आणि मोठ्या पाकिटांची किंमत खरोखर उतरवता आली. थोडक्यात, ज्याच्याकडे एकदम साठ रुपये खर्चायला होते त्याला करकपात रुपयांत मिळाली, ज्याच्याकडे पाचच होते त्याला ती ग्रॅमांत घ्यावी लागली.

ग्रॅमांत मिळालेल्या लाभाचे आयुष्य किती, हा यापुढचा प्रश्न आहे. किंमत एकदा उतरवली की ती पुन्हा चढवताना उत्पादकाला बाजाराची भीती असते. वजन पुन्हा उतरवताना तशी भीती नसते. गेल्या तीस वर्षांत ते कितीदा उतरले याची नोंद ग्राहकांपैकी कोणी ठेवलेली नाही. पामतेल परदेशातून येते, त्याच्या भावावर कोणाचा ताबा नाही, गव्हाचे पीक फेब्रुवारी-मार्चच्या उष्म्यावर अवलंबून असते. उद्या यांपैकी एक जरी बिघडले, तरी नव्याने मिळालेले सहा ग्रॅम हीच कंपनीची सर्वांत सोयीची गंगाजळी ठरेल. त्यासाठी ना घोषणा करावी लागेल, ना चिकटपट्टी लावावी लागेल, ना परवानगी घ्यावी लागेल.

दुकानात तेव्हाही पुडा पाचलाच मिळेल. चहाच्या टपरीवर तो फाडला जाईल, बिस्किटे मोजली जातील, ती बाराच निघतील, आणि वेष्टन शेजारच्या डब्यात पडेल. तुलनेसाठी लागणारा जुन्या वजनाचा पुरावा त्याच डब्यात, आदल्या महिन्याच्या कचऱ्याबरोबर, केव्हाच गेलेला असेल.